रिगातल्या दुकानाला माणूस पाहिजे

लाटव्हिया देशाच्या राजधानीत, म्हणजे रिगात, रीतसर नोंदवलेल्या एका कंपनीचे एकमेव मालक आणि एकमेव संचालक भगवंतराव संबारे मे महिन्यातल्या एका सकाळी वडनेर भोलजीत ओसरीवर बसून दाभणाने फाटकी पोती शिवत होते. तेवढ्यात रिगाहून त्यांच्या मुलाचा फोन आला.

"बाबा, एक घोळ झाला," शेखर म्हणाला.

"दुकानाचा?"

"दुकान मस्त हाये. कढई आली, भट्टी बसली, पाटीबी लागली. घोळ माह्याच झाला. मले तीस जूनले इथून निघा लागते."

भगवंतरावांनी दाभण पोत्यात खोचून ठेवलं.

शेखर दोन वर्षांपूर्वी रिगाला शिकायला गेला होता. तिथे सुटीच्या दिवशी मित्रांसाठी त्याने मूगडाळीच्या कचोऱ्या केल्या. मित्रांच्या ओळखीने कॉलेजच्या जत्रेत केल्या, आणि तिथे बर्फात उभं राहून लोकांनी त्या खाल्ल्या. मग दुकान काढायचं ठरलं. परक्या माणसाला कंपनी काढायला त्या देशात आडकाठी नव्हती; आडकाठी होती ती राहायला. पण हे शेखरच्या ध्यानात नीट यायच्या आधीच, गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, कंपनी नोंदवून झाली होती. कोणाच्या नावाने नोंदवू, असं त्याने विचारलं तेव्हा भगवंतराव म्हणाले होते, "नाव माह्यं टाक."

यात लोभ नव्हता. संबाऱ्यांच्या घरची रीतच तशी होती. विहीर, बोअर, ट्रॅक्टर, गॅसचं कनेक्शन, जे काही येईल ते घरातल्या थोरल्या माणसाच्या नावावर. भगवंतरावांच्या स्वतःच्या नावावर पहिली वस्तू लागली तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते, आणि ती वस्तू म्हणजे रेशन कार्ड. शेखरलाही त्यात वावगं वाटलं नाही. भगवंतरावांनी पासपोर्ट काढला, मलकापूरला जाऊन नोटरीपुढे सह्या केल्या आणि घरी येऊन बैलांना पाणी पाजलं.

"धंद्याच्या जोरावर इथं राह्याची परवानगी भेटते," शेखर सांगत होता. "पन ज्याच्या नावावर कंपनी हाये, त्याले भेटते."

"म्हंजे मले."

"हाव."

"मी तं इथं हावो."

"तेच तं."

"मंग नाव बदलून टाक."

"बदलता येते बाबा. पन नवा मालक झाला की त्याले वर्षभर थांबा लागते. तुमचं वर्ष होऊन गेलं. माह्यं आजपासून सुरू होईन, अन् माह्या शिक्षनाची परवानगी तीस जूनले संपते."

भगवंतरावांनी हे मनात दोनदा फिरवून पाहिलं. रिगात असलेल्या माणसाला रिगात राहता येत नव्हतं, आणि वडनेरात असलेल्या माणसाला येत होतं. कायदा म्हणून त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

"यातून वाट हाये एक," शेखर म्हणाला. "कंपनीनं मले नोकरीवर ठेवाचं. मालक तुमी, नोकर मी. फक्त त्याच्याआधी इथल्या रोजगार कचेरीत दहा दिवस जाहिरात लावा लागते, का बुवा इथला कोनी मानूस भेटते का. नाई भेटला, का तुमी सही कराची: लायक मानूस भेटला नाई. मंग मले घेता येते. फॉर्मॅलिटी हाये सारी."

"अन् भेटला तं?"

"कोन भेटते बाबा? अख्ख्या देशात एकोनीस लाख मानूस हाये. आपल्या जिल्ह्यापेक्षा कमी. त्याच्यात कचोरीवाला कुठून निंगन?"

पत्रव्यवहार संचालकाच्या नावाने होणार होता, आणि संचालकांना इंग्रजी येत नव्हतं. म्हणून ते काम त्यांची मुलगी प्रतीक्षा हिच्याकडे आलं. ती नांदुऱ्याच्या ज्युनियर कॉलेजात शिकवत होती. शेखरने लिहून पाठवलेली जाहिरात तिने वडिलांना वाचून दाखवली. दुकानाला कचोरीचा कारागीर हवा. पहाटे काम सुरू. कणीक मळता, लाटता, तळता यावी. आणि चौथी अट, मराठी उत्तम यावी.

"चौथी बरी टाकली दादानं," प्रतीक्षा म्हणाली. "आता तिथं दुसरं कोन येते?"

तिसऱ्या दिवशी रिगाच्या रोजगार कचेरीतून संचालकांना विचारणा आली. मराठीची गरज कामाच्या नेमक्या कोणत्या भागात पडते, ते कळवावं.

भगवंतरावांनी प्रश्नाचा नीट विचार केला. "कचोरी तळताना बोलाचं काय काम?" ते म्हणाले. "तोंड बंद ठेवलेलंच बरं. तेल उडते."

"मंग काय लिहू? गरज नाई म्हून?"

"खरं हाये का खोटं?"

"खरं हाये, पन बाबा—"

"मंग लिव."

इथे भगवंतरावांच्या सहीबद्दल थोडं सांगायला हवं. गावात चोरी होवो, वीज पडून म्हैस मरो की कोणाच्या पिकात रोही, म्हणजे नीलगायी, घुसोत, पंचनाम्याला पंच म्हणून त्यांना बोलावलं जाई. तलाठ्यांना ते सोयीचे नव्हते, कारण ते प्रत्येक ओळ वाचायला लावत. एका वर्षी गारपिटीत तीन झाडं पडली असताना कागदावर पाच लिहिली होती, म्हणून त्यांनी शेताच्या मालकाला, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या साडूला, बांधावर उभं करून झाडं मोजायला लावली होती. साडू अजूनही लग्नकार्यात भेटला की फक्त मान हलवतो. पण पंचनाम्याखाली भगवंतराव संबारे ही सही असली की तो कागद पुढे कुठे अडत नाही, हे नांदुरा तहसिलीत सगळ्यांना माहीत होतं.

चौथी अट गेल्याचं कळल्यावर शेखरचा फोन आला.

"बाबा, अट काऊन काढली?"

"तुले तिथं गिऱ्हाइकासंग मराठी बोला लागते काय?"

"नाई."

"मंग."

"जाऊ द्या," तो म्हणाला. "तसंबी कोनी येत नाई."

सहा दिवस खरंच कोणी आलं नाही. सातव्या दिवशी एक अर्ज आला, नवव्या दिवशी दोन. नियमाप्रमाणे मुलाखती संचालकांनी स्वतः घ्यायच्या होत्या आणि कोण काय म्हणालं ते लिहून पाठवायचं होतं. ठरल्या दिवशी दुपारी साडेबाराला, म्हणजे तिथे सकाळी दहाला, ओसरीवर पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला. भगवंतरावांनी धुतलेला सदरा आणि टोपी घातली. शेजारी प्रतीक्षा वही घेऊन बसली. पलीकडच्या घरातले शालिग्राम बोलावलं नसताना स्वतःची खुर्ची घेऊन आले.

"काय विचारसान?" शालिग्रामांनी चौकशी केली.

"जे विचारतो तेच."

भगवंतराव गेली पस्तीस वर्षं गुढीपाडव्याला सालदार ठेवत आले होते. वर्षभर शेतात आणि घरात वावरणारा माणूस निवडायला त्यांना तीन प्रश्न पुरत. उठतो कधी, आधीचं घर काऊन सोडलं, आणि तू आजारी पडला तं काम कोन पाह्यते. या तीन प्रश्नांवर त्यांनी ठेवलेला एकही सालदार वर्ष पुरं व्हायच्या आत पळाला नव्हता.

पहिला उमेदवार पडद्यावर आला तो कोट घालून, दारातच उभा. त्याला नोकरी नको होती. आपण मुलाखतीला आलो होतो एवढं कचेरीला कळवा, म्हणजे बेकारीचा भत्ता चालू राहील, असं तो म्हणाला.

"आला व्हता, हे खरं हाये," भगवंतराव म्हणाले. "तेवढं लिव."

दुसरा तरुण होता. त्याने विचारलं, यातलं थोडं काम घरून करता येईल का.

प्रतीक्षाने भाषांतर केलं. शालिग्राम पुढे झुकले. "कढई घरी नेईन काय बे हा?"

तिसरी इल्झे ओझोला. वय बावन्न, केस घट्ट बांधलेले, पाठीमागे स्वच्छ ओटा. तिने नमस्कार केला तो हात जोडून. आदल्या रात्री कुठेतरी पाहून घेतला असावा, पण नीट केला.

"उठता कधी?" भगवंतरावांनी विचारलं.

"साडेचारला. सुटीच्या दिवशी पाचला," प्रतीक्षाने सांगितलं.

"आधीचं काम काऊन सोडलं?"

उत्तर लांबलं. इल्झे अकरा वर्षं एका बेकरीत होती. सारण भरून कणकेचे गोळे बंद करण्याचं काम. तिच्या आजीपासून त्यांच्याकडे तसले पदार्थ होतात. बेकरीचा मालक बदलला, नवा मालक तेच तेल आठ-आठ दिवस वापरू लागला. तिने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही, एप्रन घडी करून ठेवला आणि घरी आली.

भगवंतरावांनी शालिग्रामकडे पाहिलं. शालिग्राम मोबाइलकडे पाहत होते.

"आजारी पडल्या तं काम कोन पाह्यन?"

"आदल्या दिवशीची कणीक असेल. बहिणीला शिकवून ठेवीन, ती येईल. पण अकरा वर्षांत मी चार दिवस पडले, तेही बर्फावरून घसरून."

यावर विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण इल्झेने मध्येच हात वर केला आणि ओट्यावरची थाळी कॅमेऱ्यासमोर धरली. जाहिरातीत पदार्थाचं नाव होतं, म्हणून तिने शोधून करून पाहिला होता. थाळीत सहा कचोऱ्या होत्या. त्यातली एक तिने दोन बोटांनी दाबली. आवाज वडनेरपर्यंत आला.

स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या असलेल्या मंजुळाबाई पुढे आल्या. नवऱ्याला बाजूला सरकवून त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"पापुद्रा पाह्य," त्या म्हणाल्या. "हात हलका हाये बाईचा. सोप जास्त पडली जराशी. पन हात हलका हाये."

एवढं बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या आत निघून गेल्या.

नियमाप्रमाणे मुलाखत चौथ्या उमेदवाराचीही घ्यायची होती. पडद्यावर शेखर आला.

"झालं न बाबा?" त्याने विचारलं. "आता सही करून टाका."

"उठतं कधी?" भगवंतराव म्हणाले.

"बाबा, मी शेखर."

"माहीत हाये. सगळ्यायले विचारलं. उठतं कधी?"

शेखरने बहिणीकडे पाहिलं. बहीण वहीत पाहत होती.

"साडेआठले," तो म्हणाला. "पन दुकान सुरू झालं का मंग—"

"आधीचं काम काऊन सोडलं?"

"आधीचं कोनतं काम?"

"मलकापूरले, जिनिंगमध्ये लागला व्हता तू. चार महिने."

"तिथं धूळ फार व्हती, बाबा. तुमाले माहीत हाये."

"आजारी पडला तं काम कोन पाह्यन?"

शेवटी तो खरं तेच बोलला. "इल्झेबाई," तो म्हणाला. "मघाशी प्रतीक्षानं तिच्या कचोरीचा फोटो मले धाडला. लय भारी हाये."

संध्याकाळी प्रतीक्षाने सहीचा कागद वाचून दाखवला. खाली सही करणारा संचालक पूर्ण जाणीवपूर्वक जाहीर करतो की, सदर जागेसाठी स्थानिक उमेदवारांमधून लायक व्यक्ती मिळाली नाही.

"पन भेटली ना," भगवंतराव म्हणाले.

"भाऊ, ठोकून द्या सही," शालिग्राम म्हणाले. "पोराच्या जिंदगीचा सवाल हाये. पाच हजार किलोमीटरवर कोन पाहाले येते?"

"तिनं पाह्यलं. मी पाह्यलं. तुमी खुर्ची घेऊन येऊन पाह्यलं."

"मी काई बोलत नाई कोनाले."

"तुमी?" प्रतीक्षा म्हणाली, आणि शालिग्रामांनी खुर्ची उचलली.

भगवंतराव त्या रात्री जेवले नाहीत असं नाही. जेवले, पण ताक मागितलं नाही. सकाळी त्यांनी प्रतीक्षाला दुसरा कागद भरायला सांगितला: इल्झे ओझोला यांची निवड करण्यात येत आहे. सही करताना त्यांचा हात नेहमीपेक्षा सावकाश चालला. मंजुळाबाईंनी पुढचे दोन दिवस त्यांना पोळी वाढली, भाजी वाढली, शब्द वाढला नाही.

शेखरने फोनवर भांडण केलं नाही. त्याने फक्त विचारलं, "म्हंजे मी येऊ न वापस?"

"ये," भगवंतराव म्हणाले. पुढे काही सांगायचं होतं, पण रेंज चांगली असूनही त्यांनी फोन ठेवला.

प्रकरण इथे संपायला हवं होतं. पण इल्झे कामाची बाई होती. रुजू झाल्याच्या चौथ्या दिवशी तिने संचालकांना पत्र पाठवलं. भट्टीच्या तपासणीला जबाबदार माणूस हजर लागतो. कंपनीला वर्ष झाल्यावर शेखरने मालकाच्या नावाने मागितलेलं राहण्याचं कार्ड मंजूर होऊन कचेरीत पडलं आहे, ते फक्त मालकालाच मिळतं. सारणात काय किती घालायचं, हे प्रतीक्षाने आईला विचारून लिहून पाठवलेल्या कागदावरून जमत नाही. सोप, म्हणजे बडीशेप, कमी केली तर चव जाते, तेवढीच ठेवली तर मंजुळाबाईंना चालत नाही. आणि शेवटी तिने विनयाने विचारलं होतं की, मालक कधी येणार, ते कळलं तर दुकानाच्या दारावर तारीख लावता येईल.

"कधी म्हंजे?" भगवंतराव म्हणाले.

"तिले वाटते तुमी येनारच," प्रतीक्षा म्हणाली. "मालक हा तुमी. कंपनी तुमची, परवानगी तुमची, नोकर तुमचा. फक्त तुमी नाई तिथं."

भगवंतरावांनी याआधी सगळ्यात लांबचा प्रवास केला होता तो अमरावतीपर्यंत, एका मयतीला. पण सालदार ठेवून मालकाने वावरात फिरकायचं नाही, ही गोष्ट त्यांना कोणत्याही देशात पटण्यासारखी नव्हती. ते दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं आणि मंजुळाबाईंना सांगायला गेले. मंजुळाबाईंनी ट्रंक आधीच माळ्यावरून खाली काढलेली होती.

"सारनाचं माप माह्या हातात हाये," त्या म्हणाल्या. "तुमी एकटे जाऊन काय तिथं तीन प्रश्न विचारसान?"

शेखर अठ्ठावीस जूनला आला. विमानतळाच्या पट्ट्या लावलेली बॅग घेऊन तो एसटीतून उतरला, तेव्हा पारावर बसलेल्या लोकांनी त्याला पहिला प्रश्न विचारला, "बाबा कधी चालले फॉरेनले?" जुलैभर तो वडिलांच्या मागे शेतात फिरला. डवरणी, म्हणजे कोळपणी, कशी, फवारणी कधी, विहिरीची मोटर तीनदा चालू होऊन बंद पडली तर कोणाला बोलवायचं. साडेआठला उठण्याची सोय त्या घरात नव्हती, त्यामुळे तो प्रश्न आपोआप सुटला.

ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आधी, मलकापूर स्टेशनवर दुपारची गाडी यायला वीस मिनिटं होती. मंजुळाबाई ट्रंकेवर बसल्या होत्या आणि प्रतीक्षा त्यांना विमानात पाणी कसं मागायचं ते शिकवत होती. भगवंतराव नव्या बुटांत उभे होते. हिवाळी कोट त्यांनी आत्ताच अंगात घातला होता, कारण तो बॅगेत बसत नव्हता. घाम पुसत ते शेखरला सांगत होते.

"नदीकाठच्या तुकड्यात घाई करू नको. तिथं पानी साचते."

"हाव."

"कापूस पयल्या वेचनीचा वेगळा ठेवजो."

"हाव बाबा." शेखरने वडिलांची बॅग खांद्यावर घेतली. "एक विचारू? शेजारच्या वावरातला गोविंदा सांगे, वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं, द्याले तुमी मानसं पाहून राह्यले व्हते म्हने. मी याच्या आधी."

"पाह्यली."

"मंग?"

"रीतीनं पाह्यली. गावात सांगतलं, दहा दिवस थांबलो. दोघं आले. एक गोविंदाच. दुसरा त्याचा साळा, डोनगावचा."

"कसे व्हते?"

"दोघंबी पाचले उठते. दोघायच्या घरी मागं मानूस हाये. साळ्याले तं ठिबकचंबी सारं समजते." भगवंतरावांनी कोटाचं वरचं बटण काढलं. "दोघंबी तुह्याहून लायक व्हते."

दूरवर गाडीची शिट्टी झाली. प्रतीक्षा ट्रंक उचलू लागली.

"मंग मले काऊन देल्लं वावर?" शेखरने विचारलं.

भगवंतरावांनी मुलाकडे न बघता रुळांकडे पाहिलं. "इथं सही करा लागत नाई," ते म्हणाले, आणि ट्रंकेची दुसरी कडी धरायला पुढे गेले.